बिबट्या समोर आला तर पळायचं नाही

मुंबईत बोरिवलीच्या नॅशनल पार्कात पहिल्यांदाच शिलोंढ्याच्या वाटेला जातोयस, तर हे नीट वाच. जेमतेम १०४ चौरस किलोमीटरचं जंगल, पण त्यात बिबटे भरपूर. तुला दिसण्याआधी तो तुला बघून बाजूला झालेला असतो.

समोर आलाच, तर पाठ फिरवून धावू नकोस. पळणारं काही दिसलं की तो पाठलाग करतो. ताठ उभा राहा, मोठ्याने बोल, नजर त्याच्यावर ठेवून एकेक पाऊल मागे घे. त्याची वाट मोकळी सोड. बुटाची नाडी बांधायलाही खाली बसू नकोस, बसलेला माणूस त्याला भक्ष्याएवढा लहान दिसतो. पार्कालगतच्या आरेच्या पाड्यांत अंधार पडल्यावर मुलांना एकटं सोडत नाहीत, ते यासाठीच. पिल्लू दिसलं तर फोटो काढत थांबू नकोस, आई जवळच असते. आणि वडापावचा कागदसुद्धा परत आण. कचऱ्यावर कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या.

अस्वल इथे नाही, पण पुढे मेळघाट, ताडोब्याला जाशीलच. मला खरी धास्ती त्याची वाटते. नजर अधू, वारूळ उकरताना तोंड मातीत. तुझी चाहूल लागत नाही आणि दचकलं की थेट चेहऱ्यावर पंजा मारतं. तिथे दाट झुडपातून बोलत चाल. मोहफुलांच्या दिवसांत पहाटे मोहाखाली जाऊ नकोस. अंगावर आलंच, तर पालथा पड आणि दोन्ही हातांनी मान झाक.

वनविभागाची हेल्पलाइन १९२६, आत्ताच सेव्ह कर.