‘प्रेसवर कुणाचा हात गेला, तर अडकणार मीच ना?’

चाकण पट्ट्यातल्या एका प्रेस शॉपचे (पत्रा दाबून-कापून सुटे भाग बनवणाऱ्या विभागाचे) शिफ्ट सुपरवायझर झोप लागत नाही म्हणून समुपदेशनाला आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पहाटे तीनला जाग, रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा. ‘उद्या कुणाची बोटं गेली तर नाव माझंच येणार. मशीन बंद केलं की वरून फोन. मी करायचं काय?’ शॉप फ्लोअर सांभाळणारी बहुतेक मंडळी हेच विचारतात.

अशा माणसाला ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणणं अन्यायाचं आहे. जाग आल्यावर डोळ्यांसमोर काय येतं, ते आधी विचारायचं. त्यांनी क्षणात सांगितलं: 100 टनी प्रेस, ऑपरेटरचा उजवा हात आणि बायपास केलेला, म्हणजे निकामी करून ठेवलेला लाइट कर्टन (हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा). भीती इतकी नेमकी असेल तर बोलणं मशीनपासूनच सुरू करावं लागतं.

कर्टन बायपास का होतो? ‘पोरं ऐकत नाहीत’ हे पहिलं उत्तर. थोडं खोदल्यावर खरं कारण निघालं. डायमधल्या (साच्यातल्या) स्ट्रिपरच्या, म्हणजे पंचावरून माल सोडवणाऱ्या भागाच्या स्प्रिंगा दमल्या होत्या. जॉब (तयार होणारा भाग) पंचाला, म्हणजे वरून दाबणाऱ्या हत्याराला चिकटून वर जायचा, तो काढायला हात आत जायचा, कर्टन प्रेस थांबवायचा आणि टार्गेट मागे पडायचं. मग पॅनेलमधली बायपासची किल्ली फिरवली जायची. ऑपरेटरला मेमो देऊन इथे काहीच बदललं नसतं. स्प्रिंगा बदलणं आणि जॉब हवेच्या झोताने बाहेर पडेल अशी सोय करणं, हे टूलरूमचं काम आहे आणि ते करून घेणं व्यवस्थापनाचं.

दुसरी गोष्ट अंतराची. हात सेकंदाला 2 मीटर वेगाने आत जातो असं धरतात. प्रेस थांबायला 0.2 सेकंद लागत असतील, तर 14 मिलिमीटर क्षमतेचा (बोटाएवढी वस्तूही ओळखणारा) कर्टन डायपासून किमान 400 मिलिमीटरवर हवा. ब्रेक लायनर झिजून तोच वेळ 0.25 सेकंद झाला, की 500 लागतात. बसवला तेव्हा बरोबर असलेला कर्टन असा कुणाच्या लक्षात न येता अपुरा पडतो. म्हणून थांबण्याचा वेळ ठरावीक काळाने मोजून नोंदवावाच लागतो. आणि जुन्या की-क्लच प्रेसवर कर्टन लावून समाधान मानू नका. ती प्रेस स्ट्रोक अर्ध्यात थांबवूच शकत नाही. तिथे बोट शिरणार नाही असा पक्का गार्डच हवा.

आता जबाबदारीचं. 1948 च्या कारखाने अधिनियमात मुख्य भार भोगवटादार (कारखान्याच्या कारभारावर अंतिम नियंत्रण असलेली व्यक्ती) आणि कारखाना व्यवस्थापक यांच्यावर होता. कंपनी असेल तर भोगवटादार म्हणजे एखादा संचालक. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही सुरक्षित जागा देणं हे मालकाचं कर्तव्य आहे, आणि कर्तव्य चुकल्यामुळे मृत्यू झाला तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा किमान 5 लाख दंड, किंवा दोन्ही. म्हणजे सगळं ओझं सुपरवायझरचं नाही. पण धोका माहीत असून प्रेस चालू ठेवली, तर निष्काळजीपणाच्या गुन्ह्यात त्याचंही नाव येऊ शकतं. त्यांची भीती निराधार नव्हती, आणि तसं त्यांना स्पष्ट सांगितलं.

‘मी तोंडी दहा वेळा सांगितलंय,’ ते म्हणाले. तोंडी सांगितलेलं अपघातानंतर कुणाला आठवत नाही. ‘सुरक्षा सुधारावी’ असलं मोघम पत्रही फायलीत पडून राहतं. त्यांच्यासोबत बसून मजकूर तयार केला:

‘प्रेस क्र. 4 चा लाइट कर्टन बायपास आहे. जॉब पंचाला चिकटतो म्हणून ऑपरेटरचा हात डायमध्ये जातो. बोटं तुटण्याचा धोका आहे. आज 10.40 ला प्रेस बंद केली आहे. स्ट्रिपर स्प्रिंग बदलणं आणि थांबण्याचा वेळ मोजणं आवश्यक. काम कधी होईल, ते कळवावं. तोवर हा जॉब प्रेस क्र. 6 वर घेत आहोत.’

हे प्लांट हेडला ईमेलने, प्रत मेंटेनन्सला, नोंद शिफ्टच्या वहीत. कुणावर आरोप नाही आणि उत्पादनाला वाटही ठेवली आहे. नोकरीची भीती वाटते त्यांनी हा शेवटचा भाग मुळीच गाळू नये. वरिष्ठांना ‘बंद’पेक्षा ‘बंद, पण माल असा निघेल’ हे ऐकणं सोपं जातं. एवढं करूनही ‘चालव’ असा हुकूम आला, तर तो लेखी मागायचा. बहुतेकदा लेखी हुकूम येत नाही.

काम झाल्यावरही काही रात्री जाग येत राहिली. मनाला वेळ लागतो. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली, दारू वाढली किंवा जीव नकोसा वाटला, तर डॉक्टरांकडे जाण्यात दिरंगाई नको. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक रात्रीही लागतो.

त्यांच्या प्रेसवर एक काम राहिलं होतं: बायपासची किल्ली पॅनेललाच लटकत होती. ती आता मेंटेनन्सच्या कुलपात असते. डाय सेटिंगला घेतली तर कुणी, किती वाजता, कशासाठी आणि परत कधी दिली, हे लिहून सही होते. शिफ्ट बदलताना ती वही दोन्ही सुपरवायझर मिळून बघतात.