आधी भाषा शीक

प्रिय बाळा,

तुझं पत्र चार दिवस उशाशी आहे. धर्मसंघात घेण्याच्या तुझ्या अर्जाला संघानं 'तूर्त नाही' कळवलं, घरचे बँकेच्या परीक्षेचा धोशा लावून बसलेत आणि तू विचारतोस, देवाला मी नकोच असेन का? हा प्रश्न मला पुन्हा विचारू नकोस.

आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियाचा सण तू लहानपणापासून पाहतोस. जपानात नागासाकीला त्याला क्रुसावर मारलं, ते तुला ठाऊक आहे. त्याच्या आधीची वर्षं ठाऊक नाहीत. बाप पोर्तुगीज शिपाई, आई इथलीच. पंधराच्या आसपास असताना तो वसईहून येशूसंघीय (जेज्विट) धर्मगुरूंबरोबर जपानला गेला, त्यांच्या हाताखाली राबला, जपानी शिकला. संघात घ्या म्हणून विनवलं, तरी घेतलं नाही. मग व्यापारात पडला, चांगला पैसा मिळवला. पुढे फिलिपिन्समधल्या मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघानं घेतलं, तेही ब्रदर म्हणून, म्हणजे धर्मगुरू न होता सेवा करणारा. फादर तो कधीच झाला नाही.

पण १५९३ मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरचे दूत म्हणून फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानला निघाले, तेव्हा जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यापुढे बोलणार कोण? वसईचा हा ब्रदर. ज्याला दारातून परत पाठवलं होतं, त्याच्याच जिभेवर सगळ्यांचं काम अडलं होतं. भाषा त्याच्यापाशी होती, बाळा. ती कुणी काढून घेऊ शकलं नाही.

म्हणून सांगतो, आधी भाषा शीक.

मी विशीत असताना डहाणूच्या पलीकडे एका पाड्यावर शिकवायला गेलो होतो. वारली बोली म्हणजे मराठीच की, त्यात शिकायचं काय, असं मला वाटायचं. एका सकाळी एक म्हातारा ओट्यावर येऊन उकिडवा बसला आणि खाली बघत बराच वेळ बोलला. मला निम्मं कळलं. मी हसून 'बरं, बरं' म्हटलं, चहा दिला. तो चहा न पिताच उठला. दुपारी स्वयंपाकीणबाईंनी सांगितलं, रात्री त्याचा नातू गेला होता. मी त्याच्या घरी गेलो नाही, तोंडच नव्हतं. दोन वर्षांनी परत आलो आणि तब्येत साथ देईना म्हणून सांगितलं. तब्येत ठणठणीत होती.

तू म्हणशील, सर, तुम्ही स्वतः शिकला नाहीत. नाही शिकलो. आई अंथरुणाला खिळलेली, घराला पगार हवा होता. पुढची तीस वर्षं शाळेत घातली आणि ती वाया गेली असं मी मानत नाही. पण तो चहाचा पेला अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

क्योटोत फ्रान्सिस्कनांनी महारोग्यांसाठी दवाखाना काढला होता. तिथल्या रोग्याचं कण्हणं गोन्सालोला सरळ कळत असेल. डिसेंबर १५९६ मध्ये हिदेयोशीच्या हुकमानं त्यांची धरपकड झाली, जानेवारीत डाव्या कानाचा तुकडा कापला आणि भर थंडीत नागासाकीपर्यंत महिनाभर चालवलं. शेवटी मारल्या गेलेल्या सव्वीस जणांत बहुतेक जपानी, सगळ्यांत धाकटा लुईस बारा वर्षांचा. त्या पोराला धीर द्यायला गोन्सालोला दुभाषा लागणार नव्हता. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीच्या टेकडीवर सगळ्यांना क्रुसावर भाल्यांनी भोसकलं. तेव्हा तो चाळिशीला आला होता. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. लोक तिथूनच गोष्ट सुरू करतात, याचा मला राग येतो.

अर्ज पुढच्या वर्षी पुन्हा कर, बँकेची परीक्षाही खुशाल दे. पण ज्या लोकांत जायचं म्हणतोस त्यांच्या आठवडी बाजारात जाऊन बस. भात लावताना ते काय म्हणतात, पोर दगावलं तर काय म्हणतात, ते विचार आणि वहीत उतरव. चुकलास तर ते हसतील. हसू देत.

रविवारी चर्चमधल्या दुसऱ्या मिस्सेनंतर घरी ये. वहीत निदान वीस शब्द असू देत. ते पाहिल्याशिवाय मी शिफारसपत्र लिहिणार नाही.

तुझा,
सर