कायद्याचा सल्ला : "त्यानी माले मारं, तो गुन्हा नही का?"

प्रश्न : माझी मावसबहीण जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी देहविक्री करून स्वतःचे व दहा वर्षांच्या मुलाचे पोट भरते. गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाने तिला मारहाण केली आणि मोबाइल व त्याच्या कव्हरमध्ये घडी करून ठेवलेले घरभाड्याचे पैसे हिसकावून नेले. पोलीस ठाण्यात तिला दोन तास बाकावर बसवून "तुझाच धंदा बेकायदा, तक्रार कशाची?" असे सुनावले, वर मुलाला उचलून नेण्याची धमकीही दिली. "त्यानी माले मारं, तो गुन्हा नही का?" असे ताई विचारते. तिला काय सांगू?
— एक वाचक, धुळे

उत्तर : गुन्हा आहे, आणि तोही साधा नाही. मारहाण करून ऐवज हिसकावणे ही जबरी चोरी असून ती दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी स्वतःहून नोंद करून तपास करावा असा गुन्हा. फिर्यादी पोट कशावर भरते, याने त्यात काडीचा फरक पडत नाही.

ठाण्यातले ते वाक्य सर्रास ऐकू येते, पण ते अर्धवट ज्ञानाचे आहे. 1956 चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा कुंटणखाना चालवणे, दुसऱ्याच्या कमाईवर जगणे, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणे यांना शिक्षा सांगतो. सज्ञान स्त्रीने स्वेच्छेने देहविक्री करणे हा त्यात स्वतंत्र गुन्हा नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2020 मध्ये स्पष्ट केले आहे. पुढे 19 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या स्त्रियांशी पोलिसांनी सन्मानाने वागावे, शिवीगाळ वा मारहाण करू नये, असे आदेश दिले आणि निरोध जवळ सापडणे हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये, असेही बजावले. कागदावरचा हा आदेश बाकापर्यंत पोहोचलेला नाही, हे आपल्या पत्रावरून दिसतेच. मुलाविषयीची धमकी निव्वळ भीती घालण्यासाठी आहे : अशा बाबतीत निर्णय बालकल्याण समितीचा असतो, ठाण्यातल्या कर्मचाऱ्याचा नव्हे, शिवाय मानवी प्रतिष्ठेचे किमान संरक्षण या स्त्रियांइतकेच त्यांच्या मुलांनाही आहे, असे त्याच आदेशात म्हटले आहे.

आता करायचे ते सांगतो. अंगावर वळ वा जखमा अजून असतील, तर सरकारी रुग्णालयात दाखवून त्याचा कागद घ्यावा. घटनेची तारीख, वेळ व ठिकाण लिहिलेला अर्ज तयार करावा; त्यात खोटे काही लिहू नये, व्यवसायाबद्दल मात्र गरजेपुरतेच लिहावे. मोबाइलच्या खोक्यावरचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक अर्जात आवर्जून घालावा, कारण शोध बहुधा त्यावरूनच लागतो. ठाण्याने पुन्हा नकार दिला, तर तोच अर्ज पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवावा (रजिस्टर केल्यास पावती हाती राहते), आणि तरीही काही न झाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागावी. वकिलाच्या खर्चाची चिंता नको. 1987 च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयातील समितीकडे किंवा 15100 या क्रमांकावर विचारावे.

त्याच ठाण्याची पायरी पुन्हा चढायची ताईंची तयारी नसेल, तर त्यांना आपल्याकडे धुळ्याला बोलवून घ्या. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम 173 प्रमाणे घटना कोठेही घडलेली असली तरी कोणतेही ठाणे माहिती नोंदवून पुढे वर्ग करते, आणि नोंदीची प्रत फिर्यादीस विनामूल्य देते. ती प्रत हातात पडल्याशिवाय दोघींनी ठाण्यातून उठू नये.