एच-१बीवर निघालेल्या नेमबाजासाठी: पिस्तूल, काडतुसं आणि स्कोप

तुम्ही एच-१बी व्हिसावर न्यू जर्सीला निघाला आहात. दहा मीटर एअर पिस्तूल राज्य पातळीपर्यंत खेळलात, घरी परवान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे, आणि पोचल्यावर महिन्याभरात एक ९ मिमी पिस्तूल आणि स्कोप लावलेली रायफल घ्यायचा बेत आहे. इथून काय न्यावं, तिकडे काय घ्यावं, असं तुम्ही विचारलंत.

पिस्तुलाचं मॉडेल निवडण्याआधी व्हिसाचा विचार करा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार (कलम ९२२, उपकलम जी-५) स्थलांतरित नसलेल्या व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही आणि घेताही येत नाही. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ हे सगळे यात आले. शिक्षा २०२२ पासून पंधरा वर्षांपर्यंत आहे. शिवाय बंदुकीच्या गुन्ह्यावरून देशाबाहेर काढण्याची तरतूद इमिग्रेशन कायद्यात वेगळी आहेच. ‘विकत कुठे घेतोय, रेंजवर तासभर भाड्याने घेऊ’ हा युक्तिवाद चालत नाही, कारण हातात धरणं म्हणजेच बाळगणं. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं रेहैफ प्रकरण विद्यार्थी व्हिसा संपलेल्या एका माणसाने रेंजवर जाऊन केलेल्या नेमबाजीवरूनच उभं राहिलं होतं.

यातून सुटायची एक सरळ वाट कायद्यातच आहे: अमेरिकेतल्या कोणत्याही राज्याचा चालू शिकार परवाना. तो तुम्ही राहता त्याच राज्याचा असावा अशी केंद्रीय अट नाही. त्यासाठी बहुतेक ठिकाणी आधी ‘हंटर एज्युकेशन’चा कोर्स करावा लागतो. परवान्याची मुदत संपली की सवलतही संपते आणि घरातली बंदूक दुसऱ्या दिवसापासून बेकायदा ठरते, म्हणून नूतनीकरणाची तारीख व्हिसाच्या तारखेइतक्याच काळजीने सांभाळा. ग्रीन कार्ड हातात आल्यावर केंद्रीय कायद्याची ही अडचण राहत नाही. मात्र ग्रीन कार्डाचा अर्ज भरला म्हणजे कार्ड मिळालं असं नव्हे. या मधल्या काळातले लोकच जास्त फसतात, तेव्हा वकिलाला विचारूनच पुढे जा.

दुकानात बंदूक घेताना फॉर्म ४४७३ हा केंद्राचा अर्ज भरावा लागतो. त्यात व्हिसाचा प्रश्न थेट आहे, आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची सरकारी नोंद) वरचा प्रवेश क्रमांक किंवा इमिग्रेशन खात्याने दिलेला क्रमांकही द्यावा लागतो. गांजाचाही प्रश्न आहे. राज्याने गांजा कायदेशीर केला असला तरी केंद्राच्या लेखी तो बेकायदाच, आणि हा इशारा फॉर्मवर छापलेला आहे.

आता न्यू जर्सी. तुमचं एअर पिस्तूल भारतात परवान्याशिवाय चालतं (४.५ मिमीपर्यंत नळी आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा), आणि अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यातही ते ‘फायरआर्म’ नाही. पण न्यू जर्सीच्या व्याख्येत एअर गन बंदुकीतच मोजली जाते. एअर पिस्तूल घ्यायला पिस्तूल खरेदीचं परमिट लागतं, एअर रायफलला खरेदीदाराचं ओळखपत्र. शेजारच्या न्यूयॉर्क शहरातही विनापरवाना एअर गन चालत नाही. त्यामुळे एअर पिस्तूल सोबत न्यायचं की नाही हे तिकीट काढायच्या आधी ठरवा, आणि नव्याने राहायला येणाऱ्यांचे नियम राज्य पोलिसांकडून लेखी मागवा. दुसऱ्या राज्यात नोकरी मिळण्याची शक्यता असेल तर नेमबाजासाठी हा मोठाच मुद्दा आहे.

एअर पिस्तूल न्यायचंच ठरलं तर त्याच्या दाबलेल्या हवेच्या सिलिंडरकडे लक्ष द्या. भरलेलं सिलिंडर विमानात चालत नाही. अमेरिकी विमानतळांवर व्हॉल्व्ह पूर्ण काढलेलं, तोंड उघडं, आत पाहता येईल असंच सिलिंडर घेतात. मॅच पिस्तुलाच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह घरी काढायची वस्तू नव्हे. म्हणून पिस्तूल विनासिलिंडर न्यावं आणि सिलिंडर तिकडे नवं घ्यावं. जुन्या सिलिंडरवरची तारीखही बघा, कारण दहा वर्षं झालेलं सिलिंडर स्पर्धेत चालणार नाही. पिस्तूल चेक-इन सामानात, कडक आणि कुलूपबंद पेटीत. एअरलाइनला आधी कळवून.

.३२ रिव्हॉल्व्हर इथेच ठेवा. ते बाहेर न्यायला शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम १० प्रमाणे वेगळा परवाना लागतो, तिकडे आयातीचं परमिट लागतं, आणि एवढं करून हाती येतं ते अमेरिकेत सहज मिळणाऱ्या जातीचंच एक रिव्हॉल्व्हर. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती जपून ठेवा. परवान्याची मुदत कधी संपते ते पावतीवरच लिहून ठेवा, म्हणजे घरच्यांनाही कळेल. रेंजवर वापरलेली बॅग प्रवासाला घेऊ नका. घ्यावीच लागली तर प्रत्येक कप्पा उलटा करून झटका. अस्तरात अडकलेलं एकच काडतूस विमानतळावर सापडलं तरी गुन्हा दाखल होतो, आणि ‘चुकून राहिलं’ हे तिथे नाही, पुढे कोर्टात सांगावं लागतं.

पात्र झाल्यावर पहिलं पिस्तूल .२२ घ्या, ९ मिमी नाही. चाप दाबायला लागणारा किमान जोर एअर पिस्तुलाचा ५०० ग्रॅम, २५ मीटर स्पोर्ट पिस्तुलाचा १००० ग्रॅम, आणि दुकानातल्या साध्या ९ मिमी पिस्तुलाचा त्याच्या दुपटीहून जास्त. इतकी मोठी उडी एकदम घेतली की बोट चाप दाबत नाही, ओढायला लागतं. त्यात धक्क्याची वाट बघत मनगट आधीच खाली जातं, आणि उजव्या हाताच्या नेमबाजाच्या गोळ्या खाली-डावीकडे जमा होतात. एअर पिस्तुलाचा फॉलो-थ्रू (गोळी सुटल्यावरही नेम धरून ठेवण्याची सवय) तुमच्याकडे आहे, तो .२२ वर टिकतो. नंतर ९ मिमीवर गेलात की मॅगझिनमध्ये (पिस्तुलात बसणाऱ्या काडतुसांच्या डबीत) दोन-तीन खोटी काडतुसं न बघता मिसळून भरा. खोटं काडतूस आल्यावर नळी खाली झुकली तर दोष पिस्तुलाचा नाही. रिकाम्या .२२ चा चाप मात्र खटखट दाबत बसू नका. बऱ्याच बनावटींत फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी सुई) चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या कप्प्याच्या, काठावर आपटते आणि तिथे खळगा पडतो.

९ मिमी निवडताना नळी चार ते पाच इंच, वजन बऱ्यापैकी, आणि पकड अशी की बोटाच्या पहिल्या पेराची मऊ बाजू चापावर सहज यावी. खिशात मावणारी छोटी पिस्तुलं शिकायला सगळ्यात वाईट: नेम धरायच्या पुढच्या-मागच्या दोन साइटमधलं अंतर कमी, म्हणून चूक मोठी, वजन कमी, म्हणून धक्का जास्त. न्यू जर्सीत मॅगझिनला दहा काडतुसांची मर्यादा आहे, दुसऱ्या राज्यातून ‘स्वस्तात’ मोठी मॅगझिनं आणू नका. पोकळ टोकाच्या गोळ्या तिथे घरी आणि रेंजवर चालतात, अंगावर बाळगायला बंधनं आहेत. तुमच्या सवयीला जवळची स्पर्धा म्हणजे बुल्सआय: एका हाताने, ५० आणि २५ यार्डांवर, पूर्ण सामना २७० गोळ्यांचा, .२२, सेंटरफायर (पेंद्याच्या मध्यावर ठोका बसणारं काडतूस) आणि .४५ प्रत्येकी ९०.

पैसा जातो तो काडतुसांत, त्यामुळे बंदुकीवरची हौस थोडी आवरा. ९ मिमीत गोळीची वजनं साधारण ११५, १२४ आणि १४७ ग्रेन. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, म्हणजे १२४ ग्रेनची गोळी जेमतेम ८ ग्रॅमची. ११५ ची गोळी स्वस्त, वेगवान, धक्का तडक. १४७ ची आवाजाच्या वेगाच्या खाली राहते आणि धक्का ढकलल्यासारखा येतो. सुरुवातीला १२४ घ्या. खोक्यावर ‘+पी’ असेल तर दाब जास्त (साध्या ९ मिमीची कमाल ३५,००० पीएसआय, +पी ची ३८,५००), सरावाला त्याचा उपयोग शून्य. पुष्कळ इनडोअर रेंजांवर पोलादी कव्हराच्या गोळ्या चालत नाहीत. काउंटरवर लोहचुंबक लावून बघतात आणि चिकटलं की खोकं परत.

.२२ ची गोष्ट वेगळी. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या खोक्यांत लॉट (एका वेळी बनलेली खेप) बदलला की ग्रुप (टार्गेटवर गोळ्या पडतात तो झुबका) बदलतो, आणि कोणत्या नळीला कोणता लॉट मानवेल हे कागदावर कळत नाही. चार-पाच लॉटची पन्नास-पन्नास काडतुसं घ्या, टेकू देऊन ५० मीटरवर दहा-दहाचे ग्रुप काढा, आणि जो लॉट जमला तो एकदम भरून ठेवा. लॉट बदलताना पहिल्या काही गोळ्या मोजू नका, नळीतला आधीचा मेणाचा थर जाईपर्यंत ग्रुप फिरतो.

घोटाळे नावांच्या सारखेपणातून होतात. .३८ स्पेशल हे .३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये चालतं, उलट नाही. ५.५६ चं काडतूस .२२३ च्या चेंबरमध्ये बसतं, पण त्या चेंबरचा घसा (गोळीच्या पुढची मोकळी जागा) आखूड असल्याने दाब वाढतो. सगळ्यात धोक्याचं म्हणजे ३०० ब्लॅकआउट हे काडतूस: .२२३ चंच मॅगझिन, तोच बोल्ट (काडतूस आत ढकलून बंद करणारा भाग), आणि .२२३ च्या नळीत गेलं तर रायफल फुटते. दोन्ही काडतुसं एका टेबलावर ठेवूच नका. काडतूस उडालं नाही तर नळी टार्गेटकडे धरून तीस सेकंद थांबा, मग काढा. धडाक्याऐवजी ‘फुस्स’ आवाज आला तर लगेच थांबा, पिस्तूल रिकामं करा आणि नळीतून काठी घालून बघा. गोळी आत अडकलेली असेल आणि मागून दुसरी आली तर नळी फुगते किंवा फाटते. अनोळखी माणसाने घरी भरलेली काडतुसं फुकट मिळाली तरी नकोत. रेंजवरून आल्यावर खाण्याआधी हात-तोंड धुवा, बूट दाराबाहेर काढा. शिसं धुळीतून घरात येतं, आणि घरात लहान मूल असेल तर हे पाळाच.

स्कोपबद्दल तुम्ही ‘किती झूमचा घेऊ’ एवढंच विचारलंत, पण झूम हा शेवटचा प्रश्न. १०० यार्डांवर कागदाच्या टार्गेटसाठी ३ ते ९ किंवा ४ ते १६ पुरे. भिंगाचा व्यास भागिले झूम म्हणजे डोळ्यात येणारी प्रकाशाची थाळी: ४० मिमी भिंग १६ वर फक्त २.५ मिमीची देतं, संध्याकाळी चित्र काळवंडतं. पॅरलॅक्स, म्हणजे स्कोप कोणत्या अंतरासाठी जुळवलेला आहे, ते बघा. .२२ साठी बनवलेले साधे स्कोप ५० यार्डांवर बांधलेले असतात, सेंटरफायरचे बहुधा १०० वर. चुकीच्या अंतरावर डोळा किंचित हलला की रेटिकल (स्कोपमधली नेमाची रेघ-खूण) टार्गेटवर सरकतं आणि माणूस काडतुसांना दोष देतो. स्प्रिंगच्या एअर रायफलवर लावायचा असेल तर तसं लिहिलेलाच स्कोप घ्या. ती आधी मागे आणि मग पुढे झटका देते, आणि फक्त मागच्या झटक्यासाठी बांधलेली भिंगं त्यात सैल होतात.

रेटिकल आणि खुंट्या (नेम सरकवायला फिरवायच्या स्कोपवरच्या चकत्या) एकाच मापात हव्यात, दोन्ही एमओए किंवा दोन्ही मिल (ही कोनाची मापं). एक एमओए १०० यार्डांवर १.०४७ इंच, १०० मीटरवर २.९ सेंटिमीटर. खुंटीची ०.१ मिलची एक टिचकी १०० मीटरवर बरोबर एक सेंटिमीटर. मेट्रिकमध्ये वाढलेल्या आपल्या डोक्याला मिल सोपं, पण अमेरिकेत रेंज यार्डांत असते आणि शेजारचा माणूस इंचांत सांगतो, हे लक्षात ठेवून घ्या. रेटिकल दुसऱ्या फोकल प्रतलात असेल (झूम बदलला तरी ते तेवढंच दिसतं) तर त्यावरच्या खुणा एकाच झूमला, बहुधा सर्वात जास्त झूमला, खऱ्या असतात. अर्ध्या झूमवर तीच खूण दुप्पट अंतर दाखवते.

बसवण्यात सगळ्यात जास्त चुका होतात. स्कोप रायफलवरच्या खाचांच्या पट्टीवर रिंगांनी बसतो. पिकाटिनी जातीच्या पट्टीच्या खाचा ५.२३ मिमी रुंद, वीव्हर जातीच्या ४.५७, म्हणून वीव्हरची रिंग पिकाटिनीत बसते, उलट बसेलच असं नाही. रिंगा खाचेत पुढे ढकलून मगच आवळा, कारण धक्क्याने रायफल मागे जाते आणि स्कोप जागेवर राहू पाहतो. मोकळी जागा असेल तर पहिल्या काही गोळ्यांत तो सरकतो. वरच्या झाकणांचे स्क्रू टॉर्क ड्रायव्हरने, कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर. बहुतेकांचा १५ ते १८ इंच-पाउंड. स्क्रूला तेल लावलं तर त्याच आकड्याला आवळ जास्त बसते, नळकांडं दबतं, आणि आतली भिंगाची नळी अडखळून टिचक्या खोटं बोलू लागतात. झाकणाच्या दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवा. डोळा स्कोपपासून किती अंतरावर ठेवायचा ते ठरवताना झूम सर्वात जास्त ठेवा, तेव्हाच ते सगळ्यात कडक असतं.

झिरो (नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी जुळवणी) २५ यार्डांवर सुरू करा. तिथे पाव एमओएची टिचकी एक इंचाचा सोळावा भाग सरकते, म्हणजे एक इंचाला सोळा टिचक्या. १०० यार्डांवर झिरो हवा असेल तर बोल्ट रायफलची गोळी २५ वर निशाण्याच्या पाऊण ते एक इंच खाली लागली पाहिजे, कारण स्कोप नळीच्या वर बसलेला असतो. मग १०० वर जा, तीन किंवा पाच गोळ्यांचा ग्रुप काढा, ग्रुपच्या मध्यावरून दुरुस्ती करा. एका गोळीवरून खुंटी फिरवत राहिलात तर अख्खं खोकं त्यातच जाईल. ग्रुप दर वेळी वेगळीकडे जात असेल तर आधी पट्टीचे स्क्रू तपासा, मग रिंगा, मग काडतुसांचा लॉट, आणि शेवटी स्कोप.

राज्याची हद्द ओलांडून रेंजला जाताना बंदूक रिकामी, डिकीत, कुलूपबंद पेटीत, काडतुसंही हाताला न येतील अशी. डिकी नसलेल्या गाडीत ग्लोव्ह बॉक्समध्ये किंवा सीटमधल्या कप्प्यात ठेवून चालत नाही. केंद्रीय कायद्याचं हे संरक्षण दोन्ही टोकांना तुमची बंदूक कायदेशीर असेल तरच मिळतं.

आणि इथल्या भावाला तिकडून स्कोप आणून द्यायचं कबूल करू नका. रायफलचे दुर्बिणीचे स्कोप अमेरिकेच्या वाणिज्य खात्याच्या निर्यात नियंत्रणात, ०ए५०४ या वर्गात येतात आणि भारतात पाठवायला निर्यात परवाना लागतो. सुटीला येताना बॅगेत टाकून आणणं हीसुद्धा निर्यातच. भारतीय कस्टम्सचा प्रश्न त्यानंतरचा.