वाचकांचे प्रश्न : भाषण नको, सराव हवा

प्रश्न : आमच्या गावातून दिवाळीच्या सुमारास पन्नास-साठ कोयते (ऊसतोडीची जोडपी) साखर कारखान्यावर जातात. दरवर्षी निघण्याआधी एड्सवर भाषण ठेवतो. टाळ्या होतात अन् लोक विसरतात. दुसरं काय करता येईल?
— एक शिक्षक, केज तालुका

उत्तर : भाषणानं माहिती मिळते, हाताला सवय लागत नाही. माईक बाजूला ठेवा. आठ-दहा जणांची टोळी घ्या, बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, अन् तासाभरात दोनच गोष्टी करा.

पहिली, निरोध वापरण्याचा सराव. ग्रामीण रुग्णालयातल्या आयसीटीसीच्या (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्राच्या) समुपदेशकाला बोलावून घ्या. त्यांच्याकडे लाकडी नमुना असतो. प्रत्येकाला स्वतःच्या हातानं करू द्या, चुका तिथंच दिसतात. टोकाची हवा चिमटीत धरून काढली नाही तर निरोध फाटू शकतो. उलटा लावला गेला तर तोच पलटून वापरायचा नाही, टाकून नवा घ्यायचा. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लागलं की रबर कमकुवत होतं. दोन एकावर एक घालणं हा तर शहाणपणाचा अतिरेक, घर्षणानं फाटण्याचीच भीती जास्त. काम झाल्यावर लिंग ताठ असतानाच, बुडाशी धरून बाहेर यायचं. पाकिटं पँटच्या मागच्या खिशात किंवा कोपीच्या (झोपडीच्या) तापलेल्या पत्र्याखाली नकोत; कपड्यांच्या पेटीत, सावलीत ठेवायची. तारीख बघायची.

दुसरी गोष्ट, ‘कधी चुकतं?’ हा प्रश्न. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येतं, दारू प्यायल्यावर. मग ‘बाहेर जाऊ नका’ एवढंच सांगून काय उपयोग? ‘प्यायला बसण्याआधी निरोध खिशात आहे का ते बघीन’ असं एक छोटं, पाळता येण्यासारखं वाक्य ज्याचं त्यानं ठरवावं. टोळी परतल्यावर समुपदेशकानं त्याच वाक्यावर पुन्हा बोलावं. एकाच बैठकीवर भरवसा ठेवू नका.

तपासणी ज्याच्या-त्याच्या मर्जीनं. निकालांची यादी मुकादमाच्या हाती जाता कामा नये. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं संमतीशिवाय तपासणी करायला आणि कामाची अट म्हणून तपासणी मागायला मनाई केली आहे. ज्यांच्या एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या, गोळ्या चालू आहेत त्यांनी मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतली की लगेच केंद्रावर सांगावं. जास्त महिन्यांच्या गोळ्या किंवा कारखान्याजवळच्या केंद्राची चिठ्ठी मिळते का ते तिथंच विचारावं. हंगामात गोळ्या तुटल्या की विषाणू पुन्हा वाढतो, औषधही निकामी होऊ शकतं.

प्रश्न : महिन्यापूर्वी चूक झाली, निरोधाशिवाय संबंध आला. काल एचआयव्ही तपासलं, निगेटिव्ह आलं. सुटलो का?
— एक तरुण, जालना

उत्तर : अजून नाही. सरकारी केंद्रातली झटपट चाचणी रक्तातली प्रतिद्रव्यं शोधते आणि ती तयार व्हायला वेळ लागतो. त्या प्रसंगापासून तीन महिने पुरे झाल्यावर पुन्हा तपासा. तोवर बायकोसोबतही निरोध वापरा, रक्तदान करू नका. पुढं कधी असं घडलं तर 72 तासांच्या आत, जमल्यास त्याच दिवशी, सरकारी रुग्णालय गाठा. डॉक्टरांनी ठरवलं तर 28 दिवसांच्या प्रतिबंधक गोळ्या देतात. 72 तास उलटले की त्यांचा उपयोग नाही. आणि चाचणी पॉझिटिव्ह आली तरी एका पट्टीवर निकाल देत नाहीत, तीन वेगवेगळ्या चाचण्या करून पक्का करतात.

प्रश्न : अंगावरून पांढरं जातं, वास येतो. मेडिकलवरून गोळ्या आणते, थोडे दिवस बरं, मग पुन्हा तेच. मालकांना, म्हणजे नवऱ्याला, काहीच त्रास नाही.
— एक भगिनी, परभणी जिल्हा

उत्तर : पांढरं जाणं म्हणजे दर वेळी लैंगिक आजार नव्हे, बुरशीनंही जातं. म्हणूनच अंदाजानं घेतलेली गोळी चुकते. जिल्हा रुग्णालयातल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये (लैंगिक आजारांच्या दवाखान्यात) तपासून घ्या, सोबत एचआयव्ही आणि सिफिलिसची रक्ततपासणीही मागा. संसर्ग जोडीदाराकडून आलेला निघाला तर दोघांनी एकाच वेळी औषध घ्यायचं आणि पुरं होईस्तोवर, निदान सात दिवस, संबंध टाळायचा. नाहीतर आजार नुसता इकडून तिकडं फिरतो. पुरुषाला कित्येकदा लक्षणंच नसतात, म्हणून ‘मला काही होत नाही’ यावर जाऊ नका. घरी मात्र ‘तुमच्यामुळं झालं’ इथून सुरुवात नको. ‘डॉक्टरांनी जोडीनं बोलावलंय’ एवढंच सांगा, बाकीचं समुपदेशकावर सोडा. आधी कुणाशी बोलावंसं वाटलं तर 1097 या एड्स हेल्पलाइनवर फोन लावा, पैसे पडत नाहीत.