राग आला, हे देवाला सांगायचं का?

प्रश्न : रोजचा शास्त्रपाठ आणि प्रार्थना चुकत नाही, तरी सासूबाईंच्या एखाद्या वाक्याने माझा पारा चढतो. रात्री ‘प्रभू, क्षमा कर’ म्हणते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मंडळीतल्या (चर्चमधल्या) एक भगिनी म्हणाल्या, भावनांकडे लक्ष देणं हाच देहस्वभाव, म्हणजे माणसाची पापाकडे ओढणारी वृत्ती. खरं आहे का?

उत्तर : नाही. बायबलमधल्या गलतीकरांस पत्राच्या ५व्या अध्यायात देहस्वभावाच्या कर्मांत राग येतो हे खरं. पण तिथला मूळ ग्रीक शब्द अनेकवचनी आहे, रोख वारंवार उडणाऱ्या भडक्यांवर आहे. मार्क ३:५ मध्ये येशू लोकांकडे रागाने पाहतो आणि त्यांच्या कठोर मनामुळे खिन्नही होतो. एकाच वचनात दोन भावना, आणि त्यानंतर एका माणसाचा वाळलेला हात बरा होतो.

भाऊ हाबेलाचा खून करणाऱ्या काइनाचा प्रसंग (उत्पत्ती ४) तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचा. खून होण्याआधी देव त्याला विचारतो : तू का संतापलास? तुझं तोंड का उतरलं? काइन उत्तरच देत नाही, शेताकडे जातो. घाईने ‘क्षमा कर’ म्हणताना तुम्हीही तो प्रश्न ओलांडून जाता. ज्याला नाव दिलं नाही, त्याची कबुली तरी कशी देणार?

येशूसंघ या कॅथलिक संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोलांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या १५४८ साली छापलेल्या पुस्तकात आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या आहेत. पद्धत कॅथलिक परंपरेतली असली, तरी कोणत्याही मंडळीत चालेल. त्यांचा भर पापाच्या हिशेबावर होता. आपण तिसऱ्या पायरीत भावनाही पाहायच्या. रात्री पंधरा मिनिटं, खुर्चीत बसून. अंथरुणात नको, तिसऱ्या पायरीआधीच झोप लागते. दोन मिनिटं आभार, एक मिनिट दिवस नीट दिसावा म्हणून देवाकडे प्रकाशासाठी विनंती, सात मिनिटं दिवसाची उजळणी, तीन मिनिटं क्षमायाचना, दोन मिनिटं उद्याचा निश्चय.

खरं काम त्या सात मिनिटांत आहे. एकच प्रसंग घ्या. आधी शरीर आठवा : दात आवळले होते, छाती भरून आली होती की पोटात गोळा आला होता? मग शब्द शोधा. ‘राग’ फार ढोबळ आहे. चीड होती, वैताग, अपमान, हिरमोड की धास्ती? अपमान असेल, तर प्रार्थना आपल्या किमतीबद्दल होते. दुपारपासून पोटात काही नव्हतं म्हणून वैताग असेल, तर १ राजे १९ मधला एलीया आठवा. ‘मला मरण दे’ म्हणणाऱ्या त्या संदेष्ट्याला आधी झोप आणि भाकर मिळाली, तीही दोनदा. ‘तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न नंतर आला.

सापडलेला शब्द तसाच देवापुढे ठेवा, गोड करू नका. १३वं स्तोत्र सहाच वचनांचं आहे. पहिल्या दोन वचनांत ‘कुठवर?’ हा प्रश्न चारदा येतो, भरवसा पाचव्या वचनात.

बिघडतं ते बहुधा दोन ठिकाणी. उजळणी वहीत लिहीत असाल, तर तिथे दुसऱ्याचेच दोष जमा होतात. म्हणून प्रत्येक वाक्य ‘मला’ने सुरू करा, ‘त्या’ने नाही. किंवा सात मिनिटांचा तास होतो आणि मन तोच घाव उकरत बसतं. त्यासाठी गजर लावा, वाजला की पुढच्या पायरीवर जा. आणि हो, रोज अपमानच सापडत असेल, तर तो गिळायला शिकणं म्हणजे आध्यात्मिक वाढ नव्हे. शांतपणे पण स्पष्ट बोलावं लागेल, पतीलाही सोबत घ्यावं लागेल. घरात मारहाण किंवा धमक्या असतील, तर ही साधना पुरेशी नाही. बाहेरची मदत घ्या.

प्रश्न : तीन महिने प्रार्थनेत कोरडेपणा आहे, मन लागत नाही. संडे स्कूलची जबाबदारी सोडावी का?

उत्तर : आत्ता नको. इग्नेशियस यांचा नियम स्पष्ट आहे : कोरडेपणात असताना, आधी शांत मनाने घेतलेला निर्णय बदलू नये. ते तर म्हणतात, अशा वेळी प्रार्थना थोडी वाढवावी. तुम्ही ती पाच मिनिटांनी वाढवा, पाळकांशी बोला आणि मन निवल्यावर पुन्हा विचार करा. मात्र कोरडेपणा फक्त प्रार्थनेतच आहे का, हे तपासा. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक आणि कामातला रस गेला असेल, तर डॉक्टरांना दाखवा, आणि त्या काळात संडे स्कूलचा भार दुसऱ्या कुणाकडे देण्यात काहीच चूक नाही. जीव नकोसा वाटत असेल, तर आजच घरच्यांना सांगा आणि टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा.