देवघेव : बाटलीतलं पाणी आणि न सापडणारं पुस्तक

वाचनालयाच्या देवघेव काउंटरवर 31 वर्षं काढलेले आणि आता सांगलीत घरी असलेले काका वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.

प्रश्न : काका, सा. न. मी कराडची, वय 52. जानेवारीत आम्ही दोघं बसनं नर्मदा परिक्रमा करून आलो. निघताना धाकट्या जावेनं गो. नी. दांडेकरांचं, नर्मदा परिक्रमेवरचंच ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ पिशवीत कोंबलं. 17 दिवसांत दुसरं काही वाचायला नव्हतं. बसमध्ये, धर्मशाळेच्या ओट्यावर, पहाटे अंघोळीला नंबर लागेपर्यंत बादलीवर बसून ते वाचलं. शेवटच्या आदल्या रात्री संपलं. घरी आलो, परिक्रमा पुरी झाल्याचा कढईचा प्रसाद झाला, बाटलीत उरलेलं पाणी देवघरात ठेवलं, कपड्यांचा ढीग धुऊन झाला. तेव्हापासून काही वाचायला घेतलं की गोडच लागत नाही. लायब्ररीतून आणली, मुलानं मोबाइलवरून मागवली, शेजारणीनं दिली, अशी अकरा पुस्तकं उशाशी आहेत. प्रत्येकाची दहा-पंधरा पानं झाली की चहा ठेवायला उठते, ती परत त्या पुस्तकाकडे वळतच नाही. ‘भ्रमणगाथा’ पुन्हा काढून पाहिली. घरात ती उगाच लहान झाल्यासारखी वाटली. आमचे हे म्हणतात, तुला पुस्तक नको, पुन्हा परिक्रमा हवी. तसं नाही. मला नवं आवडतं पुस्तक हवंय. नाव सांगा.
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, नर्मदे हर.

नाव सांगतो, पण जरा दमानं. आधी एक विचारतो, खरं सांगा. त्या पुस्तकाची पहिली पन्नासेक पानं तुम्हाला कशी लागली होती? तुमच्या पत्रात त्याबद्दल अक्षर नाही. पिशवीत ‘कोंबलं’ असं लिहिलंत, म्हणजे फार प्रेमानं घेतलं नसावं. माझा अंदाज असा, की पहिले दोन-तीन दिवस तुम्ही ते रेटलंत. हातात दुसरं काही नव्हतं. बस थांबली की उतरायचं, नदी उजव्या हाताला ठेवून पुढं जायचं, नि ती ओलांडायची नाही एवढंच ठाऊक. चहा ठेवायला उठायची सोय नव्हती, कारण गॅस कराडला होता.

हे मी तर्कानं बोलत नाही. आमच्या सांगलीत पुस्तक किती आवडलं हे वाचकाला विचारावं लागत नाही, परत आलेल्या पुस्तकाच्या कडा बघायच्या. हळदीची पेठ असलेलं गाव. मार्केट यार्डातले दिवाणजी बोटं न धुता रहस्यकथा वाचायचे, नि बायका एका हातानं फोडणी देत दुसऱ्या हातानं पान उलटायच्या. पिवळी बोटं उमटलेली पुस्तकं मी वेगळी ओळखायचो. गंमत अशी की डाग पहिल्या पानांवर क्वचितच दिसायचे. सुरुवात व्हायची खुर्चीत बसून, हात पुसून, शिस्तीत. हळद लागायला लागायची साधारण साठाव्या पानापासून. तोवर पुस्तक स्वयंपाकघरात पोचलेलं असे. तुमची अकराच्या अकरा पुस्तकं पंधराव्या पानावर थांबली आहेत, म्हणजे एकही अजून स्वयंपाकघरापर्यंत आलेलं नाही. त्यांना बिचाऱ्यांना नावं ठेवू नका.

एक आजोबा सांगतो. 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा नदीकाठच्या गावभागात राहणारे हे गृहस्थ सांगलीतच, नदीपासून लांब विश्रामबागेत मुलाकडे गेले. पाणी उतरल्यावर आठवड्याभरानं काउंटरवर आले. काउंटर कसला, आम्ही मांडी घालून पुस्तकं वाळवत होतो. भिजलेलं पुस्तक उन्हात टाकायचं नसतं, कागद आखडतो. पानापानांत कोरे कागद घालायचे, पंख्याखाली उभं करायचं, कागद दमट झाले की बदलायचे. गुळगुळीत कागदाची पुस्तकं मात्र गेलीच समजायची. पानं एकमेकांना अशी चिकटतात की हातात वीट येते. आजोबांनी मागितली 1970 च्या आसपास वाचलेली एक रहस्यकथा. तिचीही वीट झाली होती. दुसरी देऊ का म्हटलं तर म्हणाले, ‘नवीन काही नको रे. घर गेलं, निदान ते तरी जुनं राहू दे.’

मी गप्प बसलो. काय बोलणार?

तीन महिन्यांनी पुन्हा आले. मुलाच्या घरात म्हणे सगळ्या मिळून एकच पुस्तक होतं, सुनेचं, गुलाबाच्या लागवडीवरचं. करमेना म्हणून आजोबांनी ते वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं. आता काउंटरवर कोपर टेकून विचारतात, ‘गुलाबावर आणखी काही आहे का? त्यात कलम बांधायचं नीट दिलेलं नाही.’ आयुष्यात कुंडीला पाणी न घातलेला माणूस! गुलाबाच्या पुस्तकानं काही जादू केली नव्हती. त्या घरात ते एकटं होतं, एवढंच.

म्हणून ताई, पहिलं काम हे करा. अकरातली दहा पुस्तकं उशाशेजारून हलवा. लायब्ररीची लायब्ररीला, शेजारणीची शेजारणीला, मुलानं मागवलेली कपाटात वरच्या फळीवर, जिथं स्टूल घेतल्याशिवाय हात पोचत नाही. उरलेलं एक, कुठलंही, हातात धरा नि ते संपेपर्यंत दुसऱ्याचं कव्हरसुद्धा उघडू नका. आणि निदान पहिली साठ पानं घरात वाचू नका. तुमच्याकडं प्रीतिसंगम आहे. कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन मिळतात, तिथल्या बागेत यशवंतराव चव्हाणांच्या समाधीकडं जाताना बसायला भरपूर जागा आहे. त्यानं भागलं नाही तर ओगलेवाडीला स्टेशनवर जा, कोल्हापूरकडं जाणारी एखादी गाडी पकडा, अंबाबाईचं दर्शन घ्या नि परत या. गाडी उशिरा आली तर तेवढी पानं जास्त होतील. यजमानांना सांगा, ही छोटी परिक्रमाच आहे.

आणखी एक जागा सुचवतो, कारण ती तुमच्याच जिल्ह्यात आहे. पाचगणीहून महाबळेश्वरकडं जाताना आत वळलं की भिलार लागतं. 4 मे 2017 रोजी राज्य सरकारनं ते ‘पुस्तकांचं गाव’ म्हणून सुरू केलं. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून ही कल्पना आली. तिकडं मात्र पुस्तकं विकतात. भिलारात लोकांच्या घराच्या ओसरीत, पडवीत कपाटं आहेत, एकेका घराला एकेक साहित्यप्रकार वाटून दिलेला, आणि तिथं बसून फुकट वाचायचं. मी बायकोबरोबर गेलो तेव्हा एका घरी कादंबरीची चाळीसेक पानं झाली नि आमची गाडी सुटायची वेळ झाली. पुस्तक परत फळीवर ठेवताना जो जीव खालीवर झाला, तो 31 वर्षांत काउंटरच्या अलीकडं बसून मला कधी कळलाच नव्हता. मी लोकांना ‘मुदत संपली’ म्हणून किती सहज सांगायचो! तर भिलारला जा. स्ट्रॉबेरीच्या हंगामात जा. तिथं जे पुस्तक अर्धवट ठेवून यायला लागेल, ते मग विकत घ्या.

आता नाव. अकरातलं एक कसं निवडायचं, हा प्रश्न तुम्हाला पडणारच, नि तुम्ही बारावं मागणारच, हे मला माहीत आहे. तेव्हा माझं बारावं : विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’. भटजी कोकणातल्या वरसईचे. घरावर कर्ज, म्हणून दक्षिणा मिळवायला 1857 मध्ये काकांबरोबर उत्तरेकडं निघाले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असं कानावर आलं होतं. वाटेतच बंड पेटलं, आणि झाशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा हे दोघं झाशीतच होते. पुढं लूटमार, उपास नि पायपीट आहे. कमावलेलं वाटेत गेलं. घरी परतताना मात्र खांद्यावर आईवडिलांसाठी गंगेची कावड होती. तुमच्या देवघरातली बाटली वाचली नि मला तीच कावड आठवली.

हे त्यांनी 1883 मध्ये लिहून काढलं आणि छापून आलं 1907 मध्ये. ती पहिली आवृत्ती चिंतामणराव वैद्यांनी काढली, पण त्यांनी मजकुरावर बराच हात फिरवला होता. मूळ हस्तलिखिताला धरून दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये आवृत्ती काढली. तुम्ही पोतदारांची मिळवा. भाषा जुनी आहे, सुरुवातीला ठेच लागते, आपल्या आजीच्या आजीनं बोलावं तसं वाक्य लांबत जातं. चहा ठेवायला उठावंसं वाटेल. उठू नका. झाशीच्या अलीकडं पुस्तक ठेवलंत तर माझ्याकडं तक्रार आणायची नाही.

हे उत्तर लिहीत असताना आमच्या घरातून हरकत आली. सौ. म्हणतात, ‘कराडच्या बाईला झाशीला कशाला पाठवता? नर्मदेला जाऊन आली ती, आता तिला स्वतःची नदी द्या.’ म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं ‘कृष्णाकाठ’. 1984 मध्ये आलेला, त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला आणि एकमेव भाग. देवराष्ट्र्याचं आजोळ, कराडची शाळा, चळवळ आणि तुरुंग, असं करत 1946 पर्यंत येतो नि थांबतो. मी म्हटलं, मी नुकतंच बाईंना एकच पुस्तक हातात ठेवा म्हणून दोन पानं भरून सांगितलंय. त्यावर सौ. म्हणाल्या, ‘मग तुमचं काढा.’ तर ताई, आमच्यात अजून निकाल लागलेला नाही. तुम्ही दोन्हीतलं जे आधी हाताला लागेल ते घ्या.

‘भ्रमणगाथा’ लहान झाल्यासारखी वाटली म्हणता, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तिला सध्या त्या बाटलीशेजारीच ठेवा. दोन-तीन वर्षांनी काढाल तेव्हा पानांतून धर्मशाळेतल्या धुराचा वास येतो की नाही बघा, नि मला कळवा.

प्रश्न : बसमध्ये वाचायला घेतलं की मळमळतं. प्रवासात वाचणाऱ्यांचा हेवा वाटतो. उपाय?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : मलाही होतं. डोळ्यांना स्थिर पान दिसतं, कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला मात्र गाडी हलतेय हे कळत असतं, नि दोघांचं जमत नाही म्हणून पोट भांडायला उठतं. खंबाटकीत किंवा पसरणीच्या घाटात पुस्तक उघडणं म्हणजे संकटाला आवतण. पुढची खिडकी धरा, लांब बघा, आणि पुस्तक थांब्यावर वाचा. एसटीचे थांबे पुरेसे लांबतात. रेल्वेत त्रास बराच कमी होतो. नाहीच जमलं तर कानात गोष्ट लावा. आमच्या वेळी ते नव्हतं, शेजारचा प्रवासीच गोष्ट सांगायचा, नि ती बंदही करता येत नसे.

प्रश्न : वाचनालयाचं पुस्तक सहलीत हरवलं. सांगायची लाज वाटते म्हणून तीन महिने तिकडं फिरकलेच नाही. आता काय करू?
– एक वाचक, विटा

उत्तर : उद्या जा. तुमच्याआधी शेकड्यांनी लोकांनी पुस्तकं हरवलेली आहेत, ग्रंथपालाला त्यात नवल नसतं. त्याला राग येतो तो न फिरकण्याचा. तेच पुस्तक बाजारात मिळत असेल तर नवी प्रत नेऊन द्या. मिळत नसेल तर किंमत भरा, नियमाप्रमाणं जी होईल ती. अनामत त्यासाठीच असते.

आणि आशा सोडू नका. 1990 नंतरची गोष्ट असेल. आमच्याकडच्या एका शिक्षिका मुलींची सहल घेऊन विजापूरला गेल्या नि येताना पुस्तक गाडीत विसरल्या. रडकुंडीला येऊन सांगायला आल्या. महिन्याभरानं बुक पोस्टानं एक पाकीट आलं, हुबळीचा शिक्का. आत ते पुस्तक. पाठवणाऱ्याला मराठी येत नसावं, चिठ्ठी इंग्रजीत होती, दोन ओळींची. मुखपृष्ठ नि पहिली काही पानं गेलेली होती, मग आमचा पत्ता त्याला कुठं सापडला? वाचनालयं एका ठरलेल्या आतल्या पानावरही शिक्का मारतात, त्याला आम्ही गुप्त पान म्हणतो. चोरानं पहिलं पान फाडलं तरी पुस्तक ओळखू यावं म्हणून. त्या भल्या माणसानं तोवर पानं उलटली होती म्हणजे, भाषा येत नसताना!

बाईंना निरोप धाडला. धावत आल्या. मुदत उलटून 41 दिवस झाले होते, दिवसाला 10 पैसे. मी 4 रुपये 10 पैशांची पावती फाडली. त्यांनी पाचची नोट दिली नि उरलेले 90 पैसे घ्यायला त्या थांबल्याच नाहीत, पुस्तक उराशी धरून पुन्हा नावावर लावून घेऊन गेल्या.